पौर्णिमेच्या रात्रीचा आकडा

माझ्या बायकोला हे माहीत नाही. तिला माझं सगळं माहीत आहे असं ती चारचौघांत सांगते आणि मी मान डोलावतो. भावाला माहीत नाही. ऑफिसात ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्यांनाही नाही. नऊ उन्हाळे झाले. मध्ये एकदा अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, तेव्हा टेबलावर घेण्याआधी वाटलं होतं की कुणाला तरी सांगून टाकावं. पण भूल दिली, जाग आली, आणि ती इच्छा गेलेली होती. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — तेवढं सोपं जात नाहीये.

सुरुवात कुठून करू? बादलीपासून करतो. बादलीबद्दल बोलायला मला निदान लाज वाटत नाही.

उन्हाळ्यात रात्री दिव्यावर कोणकोणते पतंग येतात, किती येतात, याची अडीच महिने रोज नोंद ठेवायची — असं एका संस्थेचं काम होतं. पतंग म्हणजे रात्री उडणारी पाखरं. बोंडअळीचं, घाटेअळीचं, मोसंबीतला रस पिणारं, सगळी. जिल्ह्यात दोन ठिकाणी दिवा लावायचा होता. एक पालमच्या बाजूला, तिथं सुखदेव. दुसरा पोखर्णीच्या रस्त्याला आमच्याच मळ्यात, तिथं मी. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीबाहेर एक मोठा बल्ब, त्याच्याखाली पत्र्याचं नरसाळं, आणि नरसाळ्याखाली बादली. बादलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पतंग दिव्याला धडकतो, नरसाळ्यातून घसरतो, पाण्यात पडतो. सकाळी उन्हं चढायच्या आत ते सगळं चहाच्या गाळणीनं काढायचं, जुन्या पेपरवर पसरायचं, एकेक वेगळं करून मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं.

ऐकायला बरं वाटतं ना? निसर्ग, पाखरं, पहाटेची हवा. आता बादलीत बघा. रात्रभर भिजलेल्या शेकडो पतंगांचा तो लगदा. पंखांवरची पूड सुटून पाण्यावर राखाडी साय धरलेली. पोटं फुगलेली, काहींची फुटलेली, त्यातून पिवळट अंडी बाहेर आलेली. पाय अजून हलत असलेले भुंगेरे एकमेकांवर चढलेले. आणि वास — साबणाचा, कुजल्याचा, आणि आणखी कसला तरी उग्र, जो हाताला लागला की दुपारी वरणभात कालवताना परत नाकात येतो. एका सकाळी त्यात दोन बेडूक होते. पाखरं खायला उडी मारून आत पडलेले, तोंडं भरलेली, टम्म फुगून मेलेले. त्यातला एक मी काडीनं बाहेर ओढला, आणि त्याच्या तोंडातून अर्धा पतंग लोंबत बाहेर आला. मोसंबीच्या बुंध्याशी जाऊन मी ओकलो. त्या दिवसापासून माझा हात परत बादलीत गेला नाही.

हा गुन्हा नाही, हे मलाही कळतं. किळस कुणालाही येते. मी तेव्हाच काम सोडलं असतं तर आज तुमच्यापुढं बसलो नसतो.

पण काम सोडलं नाही. आधी नुसतं वरून बघून अदमासे आकडा लिहू लागलो. मग वरूनही बघवेना, तेव्हा बादली न बघताच खड्ड्यात उपडी करायचो आणि कालच्या आकड्यावरून आजचा बनवायचो. आणि मग — बल्ब तरी कशाला लावायचा? वैशाख लागला तेव्हा बादली कोरडी, नरसाळ्यावर धूळ, आणि मी परभणीत घरी, पंख्याखाली, चहा पिता पिता रजिस्टर भरतोय. त्यात मी किती पटाईत झालो ते सांगतो, कारण त्याचीच मला आता जास्त शिसारी येते. शून्यानं संपणारा आकडा टाकायचा नाही, तो बनावट दिसतो. दोन दिवस चढता, एक दिवस जरासा उतरता. ऊन वाढेल तशी पाखरं वाढणार, म्हणून महिन्याचा एकंदर सूर चढा ठेवायचा. पेन बदलायचं. कधी पानावर पाण्याचा एखादा डाग पाडायचा, बादलीशेजारी बसून लिहिल्यासारखा. हो, तेही केलं मी. बोट बुडवून, टपकन.

आता सुखदेवबद्दल सांगायला हवं, आणि इथं मी अडखळतो.

कामाच्या सुरुवातीला, गुढीपाडव्यापासून पुढचे पंधरा दिवस, आम्ही दोघं पालमच्या दिव्यावर एकत्र होतो. सरावासाठी. आमचं पद एकच होतं. तरी मी त्याला ‘तू’ म्हणायचो आणि तो मला ‘तुमी’, ‘सर’ म्हणायचा. यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बी.एस्सी. झालेला, बारीक अंगाचा, तीस-एकतीस वर्षांचा माणूस. खासगी शाळेतली नोकरी सोडून या कामावर आला होता. काम आणखी दोन वर्षांसाठी वाढणार होतं, पण पुढं एकालाच ठेवणार होते. हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. त्याच्या घरी बायको, लहान मुलगी आणि अंथरुणाला खिळलेला बाप. माझ्या घरी मळा.

मोजायचा तो, लिहायचो मी. त्याला त्या लगद्याचं काहीच वाटायचं नाही. बोटाच्या टोकानं एकेक पंख उलगडून, फुंकर मारून वाळवून तो बाजूला मांडायचा आणि मान वर न करता आकडे सांगायचा. मग हात धुवायचा — साबणानं, राखेनं, परत साबणानं — आणि डबा उघडायचा. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाणे. पहिल्याच दिवशी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, आज उपास आहे.

दुसऱ्या दिवशीही म्हणालो. तिसऱ्याही. आमच्या घरात कुणी एकादशीशिवाय उपास धरत नाही, पण त्या पंधरा दिवसांत मी कसले कसले उपास काढले! सुखदेव दोन-तीन दिवस धरत राहिला, मग धरायचा थांबला. आणि त्यानंतर एका सकाळी त्यानं माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत केळी आणली. “उपासाला चालतेत, सर,” म्हणाला. सालीसकट अख्खी केळी — ज्यांच्या आतल्या भागाला कुणाचा हात लागत नाही. मी ती खाल्ली. रोज खाल्ली.

माझ्या मनाशी मी तेव्हा म्हणत होतो की त्याच्या हातांची किळस येते ती पाखरांमुळे. तो सकाळभर त्या बादलीत हात घालतो, मग त्याच हातानं मोडलेली भाकरी कशी खाणार? पण सुखदेव बौद्ध होता, आणि आम्ही गावचे जमीनवाले. माझ्या आजोबांनी ज्यांना वरून पाणी वाढलं, त्यांच्यातला. मी शिकलेला, पुढारलेल्या विचारांचा, कॉलेजात असल्या गोष्टींवर भाषण देऊन बक्षीस मिळवलेला. मग खरं सांगा — दुपारी, सुखदेव आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून यायचा, तेव्हा त्यानं भरून दिलेला पाण्याचा तांब्या मी का टाळायचो? तेव्हा तर त्याच्या हाताला एकही पाखरू लागलेलं नसायचं. म्हणजे किळस पाखरांची नव्हती. निदान सगळी नव्हती. हे वाक्य बोलायला मला नऊ वर्षं लागली.

त्या पंधरा दिवसांतली शेवटची रात्र हनुमान जयंतीची. मी आपला खुर्ची टाकून बसलो होतो. दिव्याभोवती काहीच नव्हतं, एखाद-दुसरं पाखरू फिरून निघून जात होतं. मी म्हणालो, बल्ब खराब झाला की काय. सुखदेव हसला आणि वर बोट केलं.

“आज पुनव हाय ना सर. चांदन्यात पाखरं यायची न्हाईत. इतकं उजेड पडलंय, आपला एवढासा बल्ब त्यायला कशाला दिसायलाय?”

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. म्हणाला, कुणी नाही, आठ दिवस बघायलोय, चांद वाढायलाय तसं बादलीतलं कमी व्हायलंय. त्याच्या घरी पौर्णिमा पाळायचे; त्या संध्याकाळी विहारात वंदना करूनच तो दिव्यावर आला होता, त्यामुळं पौर्णिमा त्याला बघावी लागायची नाही, माहीतच असायची. सकाळी बादलीत अकरा पाखरं निघाली. आदल्या आठवड्यात दोनशेच्या वर निघत होती. त्यानं मला सांगून शेऱ्याच्या रकान्यात लिहवून घेतलं — पौर्णिमा. माझ्या अक्षरात आहे ते.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढं जे केलं ते अज्ञानातून केलं असं तुम्हाला वाटू नये.

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला पाथरीत मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. रात्री लॉनवर जेवणं. आम्ही पुरुष मंडळी खुर्च्या ओढून बसलो होतो, आणि मांडवाच्या दिव्यांपेक्षा वरचा चंद्र जास्त झगझगीत होता. मी त्याच्याकडं बघितलं. कुणीतरी म्हणालंही, काय चांदणं पडलंय. जिलेबी खात मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं, त्या तारखेपुढं लिहिलं — चारशे बारा. त्या उन्हाळ्यातला माझा सगळ्यात मोठा आकडा. का? कारण तापमान त्या आठवड्यात सगळ्यात जास्त होतं, आणि माझा चढता सूर तिथं शिखराला पोचायला हवा होता. चंद्राची आठवण मला झाली नाही. आदल्याच रात्री त्याच्याखाली जेवलेल्या माणसाला आठवण झाली नाही!

सुखदेवनं त्या रात्री लिहिलं — नऊ. शेरा — पौर्णिमा.

मृगाच्या आधी बैठक झाली. ज्यांनी आम्हाला पालमला शिकवलं ते सर मध्येच दुसरीकडं निघून गेले होते आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या, त्यांना मी दोष देत नाही. त्यांचा विषय आकडेवारी, किडे नव्हते. दिव्यावरचं पाखरू त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी दोघांचे आकडे भिंतीवर पडद्यावर दाखवले. माझी रेष कशी — सावकाश चढलेली, शहाणी. सुखदेवची रेष वर-खाली, मध्येच तळाला टेकलेली, मध्येच उसळलेली. त्याच्या शेऱ्यात वाट्टेल ते लिहिलेलं: लाइट आठपासून नव्हती. वावटळ. नरसाळं कुत्र्यानं पाडलं. बादलीत साप, मोजणी उशिरा. पौर्णिमा. माझा शेऱ्याचा रकाना पहिल्यापासून कोरा. परभणी जिल्ह्यात, उन्हाळ्यात, शेतातल्या मोटारीच्या लाइनवर दोन महिने एकदाही लाइट गेली नाही! यावर कुणीच हसलं नाही. इतकं उघड होतं ते.

मॅडमनी सुखदेवलाच विचारलं, हे आकडे असे कसे? आणि हे पौर्णिमा काय आहे शेऱ्यात?

तो उभा राहिला. बोलायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं, साक्ष काढावी तसं. आम्ही दोघांनी मिळून बघितलेली गोष्ट होती ना ती. त्याला वाटलं असणार, सर सांगतील.

मी बोललो. म्हणालो, “मॅडम, आमचा सुखदेव पंचांग बघून किडे मोजतो.”

खोली हसली. दहा-बारा माणसं होती, सगळी हसली. मॅडमसुद्धा. ज्याच्या घरी पंचांग कधी उघडलं जात नाही त्याच्यावर मी हे बोललो, आणि यातली मजा कळणारे तिथं चार-पाच जण तरी होते. ते जास्त हसले. सुखदेवही हसला थोडासा. काय करणार होता? मग म्हणाला, “न्हाई मॅडम, चांदन्यात पाखरं कमीच येतेत, ते नेहमीचंच हाय —”

इथपर्यंत मी थांबलो असतो तरी चाललं असतं. थट्टा केली, चुकलं, असं म्हणून कधीतरी झोपता आलं असतं. पण मी थांबलो नाही. कारण तो बरोबर ठरला तर पडद्यावर माझी पौर्णिमा होती — चारशे बारा. दोन्हीतलं एकच खरं असू शकत होतं. म्हणून मी त्याचं वाक्य तोडलं आणि विचारलं,

“मग पोखर्णीला का नाही कमी आली? चंद्र काय फक्त पालमलाच उगवतो का?”

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

या वेळी हशा मोठा होता. कुणीतरी टेबलावर हात आपटला. आणि सुखदेवच्या तोंडावर मी बघितलं — राग नव्हता. तो विचार करत होता. खरंच विचार करत होता! की पोखर्णीला का बरं कमी आली नसतील? माझा आकडा खोटा असेल हे त्या माणसाच्या मनातच आलं नाही. तो आपली चूक शोधत होता. आपल्याच दिव्यात काही दोष असेल का, नरसाळं नीट बसत नसेल का. मग खाली बसला. शर्टाच्या खिशातून पेन काढून हातातल्या कागदावर त्यानं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला पत्र गेलं. नोंदी विश्वासार्ह नाहीत, असं त्यात होतं. पत्राची प्रत मला दाखवली होती, मजकुरात एक शब्द बदलायला मी सुचवलंही. शुद्धलेखनाची चूक होती. काम मला मिळालं. शाळेतली जागा त्यानं आधीच सोडलेली होती. माझे आकडे अहवालात छापले गेले, आणि त्याच्या जोरावर मी आज आहे तिथं आहे — लोकांना शास्त्रशुद्ध नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकवतो. विंचवावर पाय पडल्यासारखं दचकतो मी, कुणी प्रशिक्षणात ‘प्रामाणिक निरीक्षण’ म्हटलं की. मग तेच शब्द फळ्यावर लिहितो.

त्याला मी शोधलं नाही. पालमला जायचं काम निघालं की दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचो. गेल्या वर्षी टाळता आलं नाही. परत येताना एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभा होतो, तर समोरून हाक आली, “सर!” स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. केस पांढरे झालेत. बाप गेला म्हणाला, मुलगी नववीत आहे म्हणाला. माझ्यावर काही राग दिसला नाही, आणि ते मला फार जड गेलं; त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं — पण बरं कुणाला? मलाच. तिथंही माझीच सोय.

“अजून पाखरं मोजायलाव का, सर?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, हो, रोज.

तो म्हणाला, “मला लय आवडायचं ते काम.” एवढंच. मग चहा सांगायला वळला, थबकला, आणि म्हणाला, “आज शनिवार हाय. उपास आसंल तुमचा.” शेजारच्या गाड्यावरून त्यानं डझनभर केळी घेतली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो नाही. उपास नाही, चहा घेऊ, हे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. गाडी आली, मी चढलो. केळी मांडीवर घेऊन परभणीपर्यंत आलो आणि स्टँडवर उतरताना ती सीटवर ठेवून दिली.

या वैशाखात मी मळ्यात गेलो. मोटारीच्या खोलीतून ते नरसाळं काढलं, गंज घासला, बल्ब लावला, बादलीत पाणी भरलं. रात्रभर चांदणं होतं. सकाळी गाळणीनं काढून, बोटांनी उलगडून, पेपरवर मांडून मोजले. सात पतंग. हाताचा वास दुपारपर्यंत गेला नाही.

ते जुनं रजिस्टर ऑफिसात स्टीलच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडंच असते. सुखदेवचंही तिथंच आहे, खालच्या खणात. मळ्यातून आल्यावर मी दोन्ही काढून शेजारी शेजारी उघडली, त्याचं नऊ बघितलं, माझं चारशे बारा बघितलं, माझ्या ओळीतला शेऱ्याचा कोरा रकाना बघितला. पेन हातात होतं. मग दोन्ही मिटून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्या पौर्णिमेला मी पाथरीला जिलेबी खात होतो.